एक माणूस, एक तोंड, एक फोटो

वैजनाथअप्पांशी बोलायला बसलं की थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात हवेत बारीक हलू लागे. अंगठा आणि तर्जनी जुळलेली, जणू मधे पेन्सिल आहे. नवख्या माणसाला वाटे, अप्पांना कंप सुटलाय. जुन्यांना ठाऊक असे की अप्पा समोरच्याचा चेहरा दुरुस्त करतायत. माझ्या डाव्या भुवईत लहानपणच्या जखमेची खाच आहे. इतक्या वर्षांच्या शेजारात अप्पांनी ती हवेतल्या हवेत किती वेळा भरली असेल, सांगता येणार नाही.

अप्पांना जाऊन आता चार महिने झाले. सेलूत त्यांचा स्टुडिओ आणि मी सांभाळत होतो ते वाचनालय यांच्यामध्ये एकच भिंत होती; स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर. मला ते ‘लायब्रीसाहेब’ म्हणत. वाचनालयातलं एकही पुस्तक त्यांनी कधी नेलं नाही, पण दुपारी येऊन बाकावर बसत आणि वाचकांच्या नाकांकडे बघत.

त्यांचा कॅमेरा लाकडी, तीन पायांवर उभा, मागे काळं कापड. निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी. ती काचेवर ठेवून, मागून आरशानं उजेड घेऊन, अप्पा टोकदार पेन्सिलीनं तिच्यावर काम करत. देवीचे व्रण बुजत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जात, झरीच्या एका पाटलाची हनुवटी तर त्यांनी जवळपास नव्यानं बसवली होती. पाटील फोटो बघून म्हणाले, “अप्पा, आमच्या वडलांवाणी दिसायलोय.” अप्पा म्हणाले, “वडलांचीच बसवली. फोटो होता माझ्याकडं.”

दुसरा फोटो ते कधी काढत नसत. “माणूस एक, तोंड एक, फोटो एक,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कापडात शिरण्याआधी गिऱ्हाइकाला सांगत, “आता मी दिसणार न्हाई. तुमी बी हलू नका. दोघं बी मेल्यावाणी राहू.” फोटोतली सेलूची माणसं इतकी गंभीर का दिसतात, याचं उत्तर त्या वाक्यात आहे.

मग बसस्टँडजवळ रंगीत फोटोंचा नवा स्टुडिओ निघाला. तिथला पोरगा गळ्यात कॅमेरा अडकवून लग्नाच्या मांडवात पळायचा, पंगतीत वाकून फोटो घ्यायचा. लोकांना ते आवडू लागलं. अप्पांच्या स्टुडिओतल्या बाकावर आता चार-चार दिवस कोणी बसेना. शेवटी परभणीच्या एका ओळखीच्या दुकानदारानं तसलाच एक कॅमेरा महिन्याच्या बोलीवर त्यांच्याकडे ठेवला. पटला तर ठेवा, नाहीतर माणूस येऊन घेऊन जाईल.

अप्पा तो कातडी पेटीसकट वाचनालयात घेऊन आले. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती, ती मी वाचून सांगायची असं ठरलं. मी एका कागदावर मधे रेघ मारली. डावीकडे ‘घ्यावा’, उजवीकडे ‘घेऊ नये’.

डावीकडे लिहिलं : रंग येतात. हातात धरून पळता येतं. उजवीकडे अप्पांनी भराभर सांगितलं : रोलमधले छत्तीस फोटो झाल्याशिवाय धुवायला देता येत नाही. धुवायला औरंगाबादला पाठवावा लागतो. “आणि नामांतरासाठी बंद असला की गाडी न्हाई. नवरा-नवरी भांडून मोकळे होतील, फोटो तिकडंच.” निगेटिव्ह टपालाच्या तिकिटाएवढी, तिच्यावर पेन्सिल कुठं टेकवणार? आणि डोक्यावर कापड नाही. “कापडाबगर फोटो काढायचा म्हंजे माणसाच्या तोंडाकडं तोंड करून बघायचं. बेअदबी हाय ती.”

मी पुढे वाचलं की या भिंगातून चेहऱ्यावरचा केस न् केस स्पष्ट येतो, आणि ते डावीकडे लिहू लागलो.

“थांबा. ते तिकडं कशाला लिहायलात?” अप्पा म्हणाले. “उजवीकडं लिहा.”

“अप्पा, हा गुण आहे. पहिल्याच पानावर दिलाय.”

“लिहिणारानं सेलूची तोंडं बघितली हायत का?”

आमचं बराच वेळ चाललं. अखेर ते वाक्य दोन्हीकडे लिहिलं आणि कागद घडी करून अप्पांनी खिशात ठेवला.

एवढ्यावर गोष्ट कित्येक दिवस अडून राहिली असती. पण घरात सुनंदा होती. अप्पांची एकुलती मुलगी, बी.ए. झालेली, बोलायला धीट. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, गालांवर आणि कपाळावर व्रण राहिले होते. तिच्या लग्नासाठी अप्पांनी जो फोटो काढला होता, त्यावर त्यांनी तीन आठवडे काम केलं होतं. त्यांच्या हातचं सगळ्यांत सुंदर काम तेच. व्रणाचा मागमूस नाही. आणि त्या फोटोनंच घात केला. पसंती फोटोवर व्हायची, पाहुणे घरी यायचे आणि चहा पिऊन गप्प निघून जायचे. दुसऱ्या खेपेला वालूरहून आलेले एक म्हातारे गृहस्थ पोहे खाऊन सुनंदाला म्हणाले, “बाई, पोहे झ्याक झाले. आता थोरल्या बहिणीला बाहेर बोलव, फोटोतल्या.”

मी त्या वेळी तिथंच होतो. सुनंदा हसली नाही, रडलीही नाही. आत जाऊन तिनं ताट ठेवलं आणि पाहुणे गेल्यावर वडलांना म्हणाली, “अप्पा, तुमी माझी सोयरीक दुसरीच्याच नावानं जमवायलात.”

त्यानंतर चारठाण्याचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, मुलगा शिकलेला. आधी मुलाचा फोटो आला. अप्पा तो घेऊन माझ्याकडे आले, दार लोटलं आणि फोटो खिडकीच्या उजेडात तिरका धरला. मुलाच्या डोक्यावर दाट कुरळे केस होते, आणि ते सगळे चमकत होते.

“शिसं हाय,” अप्पा म्हणाले. “पेन्सिलीचे केस. हात मात्र लय तयार हाय. इथं बघा, भांग सुदिक पाडलाय.”

“मग घरी सांगा की.”

“कसं सांगू? कारागिरानं कारागिराची चहाडी करू न्हाई.” फोटो खाली ठेवत म्हणाले, “आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?”

चारठाणेकरांनी मुलीचा फोटो मागितला होता. अप्पा जुना फोटो पाकिटात घालू लागले, तर सुनंदानं तो काढून घेतला. म्हणाली, नव्या कॅमेऱ्यानं काढा, नाहीतर मी कुणापुढं पोहे घेऊन येणार नाही. तिसऱ्यांदा तर नाहीच. अप्पांनी रोलचं कारण सांगितलं, बंदचं सांगितलं. तिनं पेटीच उघडून त्यांच्या हातात दिली.

स्टुडिओच्या मागच्या अंगणात फोटो काढला. उजेड परतून यावा म्हणून मी पांढरी चादर धरून उभा. अप्पांनी पहिला फोटो काढला आणि सवयीनं म्हणाले, “झालं.”

“अजून पस्तीस हायत,” सुनंदा म्हणाली.

रोल संपवल्याशिवाय इलाज नव्हता. ज्या माणसानं जन्मात एका चेहऱ्याचे दोन फोटो काढले नव्हते, तो आता लेकीभोवती फिरत होता. दहाव्या फोटोपर्यंत दोघं मेल्यासारखी गंभीर. पंधराव्याला अप्पा म्हणाले, “आता कुठून काढू? बाजू संपल्या.” विसाव्याला ते मागे सरकता सरकता तुळशीच्या कट्ट्यावर बसले आणि बसल्या बसल्या बटण दाबलं गेलं. सुनंदा तोंडाला पदर न लावता हसत होती.

रोल दहा दिवसांनी धुऊन आला. कट्ट्यावर बसून काढलेला फोटो सगळ्यांत चांगला होता, आणि त्यात एकूण एक व्रण दिसत होता. अप्पांनी भिंग लावून पाहिला. एका जादा प्रतीवर त्यांनी पेन्सिल चालवून बघितली, तर चकचकीत कागदावरून ती घसरून गेली आणि गालावर मिशी उमटली. ती प्रत त्यांनी फाडली. दुसरी सुनंदानं स्वतः पाकिटात घालून पोस्टात टाकली.

आमच्याकडे नकार कुणी लिहून कळवत नाही. फोटो परत पाठवतात, बस. त्यामुळे आठवडाभरानं चारठाण्याहून जाड पाकीट आलं तेव्हा अप्पांना उघडायची गरज वाटली नाही. ते बोटांनी चाचपून त्यांनी आतला पुठ्ठा ओळखला आणि पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. “लायब्रीसाहेब, तुमीच फोडा. आणि फोटो माझ्याजवळ देऊ नका. कुठल्या तरी जाड पुस्तकात ठेवून द्या. तिला काय सांगायचं ते बघतो मी.” चेहरा पाडून ते खुर्चीवर बसले आणि मी पाकीट फोडलं.

आत फोटो होता, पण सुनंदाचा नव्हता. रंगीत फोटोत एक जाडसर, हसरा तरुण दुकानाच्या पायरीवर उन्हात उभा होता. डोक्यावर कानशिलापुरते केस, बाकी सगळं लख्ख. सोबत मुलाच्या वडलांची चिठ्ठी होती : आपल्या कन्येचा फोटो पाहून चिरंजीवांनी स्वतःचा नवीन फोटो काढून घेतला आहे. आधी पाठवलेला रद्द समजावा. आपणांस पसंत असल्यास येत्या सोमवारी येतो.

अप्पांनी फोटो खिडकीशी नेला. आधी सवयीनं तिरका धरला, मग सरळ. मग भिंग काढलं.

“कपाळ लय मोठं हाय,” ते म्हणाले.

त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

“पण सगळं त्याचंच हाय.”

फोटो आणि चिठ्ठी घेऊन ते घरात गेले. मी भिंतीला कान लावला. मग सुनंदाचं हसणं ऐकू आलं, पाठोपाठ अप्पांचं, आणि मग ती म्हणाली, “अप्पा, सोमवारी पोहे तुमी करा. मी बसून बघणार हाय त्यांला.”

महिना भरला त्या दिवशी परभणीहून माणूस कॅमेरा न्यायला आला. अप्पांनी त्याला चहा पाजला, उन्हाचं आलात म्हणून वाऱ्याला बसवलं, आणि रिकाम्या हातानं परत पाठवला.