समोरच्या खोलीतलं माहेर

तुम्ही दोघं पोटात असताना तुमच्या आईचं ब्लडप्रेशर वाढलं. कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं: जुळी आहेत, पहिलीच खेप आहे, आता दवाखान्यापासून लांब जायचं नाही. आमच्या घरापासून दवाखाना रिक्षाने दहा मिनिटं. तुमच्या आईचं माहेर, मादन हिप्परगा, तासाभराहून जास्त.

तिथली तुमची आजी सातव्या महिन्यात लेकीला न्यायला आली, खण-नारळ घेऊनच.

"पैलं बाळंतपण म्हायेरीच होतंय, अक्का. तुमी कामून अडवायलाव?"

"मी नाही अडवत, विहीणबाई. डॉक्टर नको म्हणतात."

"पाय सुजले म्हणून? आमच्यात समद्यांचेच सुजतेत."

तिला इथंच राहा म्हणणंही अवघड होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. ती आमच्याकडे चहासुद्धा घेत नसे. रात्रभर विचार करून मी व्हरांड्यापलीकडची माझी पुस्तकांची खोली रिकामी केली आणि तिला म्हटलं, "ही खोली तुमची. शेगडी तुमची, पीठ तुमचं, पाणीही तुमच्याच घागरीत भरा. लेकीला इथं न्या."

ती हसली. "आन व्हरांडा वलांडला की म्हायेर लागलं व्हय?"

चौथ्या दिवशी शेगडी आणि ज्वारीचं पीठ आलं. मी सुनेची ओटी भरली आणि तुमची आई बारा पावलं चालून माहेरी गेली. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. हसू दे म्हटलं.

प्रेशरचं यंत्र मी विहीणबाईंना शिकवलं. आधी पाच मिनिटं बसवायचं, उजवाच दंड, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. मी वहीत रकाने आखून दिले. आकडे ती लिहायची, मोठे मोठे, रेघेबाहेर जाणारे.

आठव्या महिन्यात एका दुपारी तुमची आई म्हणाली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. सकाळचा आकडा चांगला होता. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, सहाला बघू. ही चूक माझी, शिस्तीच्या बाईची. डॉक्टरीणबाईंनी नेमकी हीच लक्षणं सांगून ठेवली होती.

विहीणबाईंनी मला न विचारता दंडाला पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, एकशे बाहत्तर. मी वही उघडली, तशी ती ओरडलीच.

"वही मागून लिवा, अक्का! रिक्षा बोलवा!"

गेल्या गेल्या इंजेक्शनं सुरू झाली आणि तासा-दीड तासात ऑपरेशन. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. ती माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडीचा वळ उमटला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तिघंही ठीक आहेत. वेळेवर आणलंत. उशीर झाला असता तर झटके आले असते." मी विहीणबाईंकडे बोट दाखवून म्हटलं, "यांनी आणलं." आयुष्यात पुष्कळ बक्षिसं घेतली, पण कुणाचं नाव सांगताना इतकी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

तुम्ही काचेच्या पेट्यांत होतात, जेमतेम पावणेदोन किलोचे. विहीणबाई काचेला नाक लावून म्हणाली, "दोगंबी तुमच्यावानीच दिसायलेत, अक्का. रागीट."

तुमच्या आईला वॉर्डात आणलं, तेव्हा तिनं आधी आईला हाक मारली आणि मग मला. तो क्रम मला अगदी योग्य वाटला.