आवाज तुटायलाय

माझी मोठी बहीण शिरूर कासारला एकटी राहते. भाऊजी गेले, मुलगी लग्न होऊन सासरी गेली. दिवाळीनंतर गल्लीतली सगळी माणसं ऊसतोडीला निघून गेली की तिला बोलायला माझ्याशिवाय कुणी उरत नाही. मी इकडं बीडमध्ये भाकरी थापायला बसले की नेमका तिचा फोन यायचा.

तिचा फोन बटणांचा, टूजीचा. माझा फोरजीचा असला तरी तिच्याकडची रेंज कच्ची, त्यामुळं तिची निम्मी वाक्यं वाटेतच गळायची. मला ते पथ्यावरच पडायचं. तिचा दुखरा गुडघा आणि तिची शेळी यांच्या पुढं बोलणं सरकेना की मी म्हणायची, "अक्का, आवाज तुटायलाय," आणि ठेवून द्यायची. कधी खरंच तुटायचा, कधी नाही. सगळेच असं करतात, त्यामुळं मला त्यात काही वाटत नव्हतं.

मागच्या हंगामात लेकीनं तिला नवा फोन घेऊन दिला. आता दोन्हीकडं फोरजी. आवाज इंटरनेटच्याच वाटेनं जातो, म्हणून स्वच्छ येतो, असं आमच्या ह्यांनी मला समजावलंही होतं. पण जिभेला सवय. त्या संध्याकाळी शेळीनं चारा सोडला होता, अक्का ते सांगत होती आणि माझा तवा तापला होता. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर. नेहमीचं वाक्य म्हणून मी लाल बटण दाबलं. ते दाबलंच गेलं नाही.

"रोजचं मेलं तेच दळण," मी ह्यांना म्हणाले. "हिला दुसरं कामच न्हाई."

हे फोनकडं बघत राहिले. मग फोनमधून अक्का हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडं तर तुझ्या भाकरीची थापबी ऐकू यायलीय बघ."

मला इतकी लाज वाटली की समोर भाकरी करपत होती तरी हात पुढं होईना. तिनंच फोन ठेवला.

ती भांडली असती तर मी सुटले असते. आता रोज मीच फोन करते, स्वयंपाक उरकून, निवांत. ती पोरांची चौकशी करते. मी मुद्दाम शेळीचं विचारते. "बरी हाय," एवढंच ती म्हणते. मागं त्या शेळीच्या गळ्यातली घंटी मला स्वच्छ ऐकू येत असते.

"आवाज तुटायलाय गं," अक्का म्हणते. "ठेवते."