राजरत्नची चार पानं

राजरत्नचा शेवटचा मेल मी उघडला, तेव्हा त्याला जाऊन आठ दिवस झाले होते.

आज वर्ष झालं.

आम्ही इंजिनिअरिंगचे रूममेट. मी पुण्यात राहिलो. वडील गेल्यावर तो आईजवळ लोहाऱ्याला परतला. पोटापुरतं ऑनलाइन काम, आणि उरलेल्या वेळात एकट्यानं एक लायब्ररी लिहायचा.

पुस्तकांची नाही. कोडची, इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये वापरायची.

कॉम्प्युटरमध्ये ०.१ सुद्धा नेमका बसत नाही. मशीन जवळचा आकडा धरतं आणि पुढं जातं. गणित लांबलं की चूक वाढत जाते.

म्हणून राजरत्न एका उत्तराऐवजी दोन आकडे द्यायचा. एक मुद्दाम खाली ओढलेला, एक वर. खरं उत्तर या दोघांच्या मधेच असणार, ही त्याची गॅरंटी.

एकदा ती तुटली. स्पीड वाढवायला कंपायलरनं, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं, सूचना मागंपुढं केल्या, आणि खालचा आकडाही वर ओढला गेला. खरं उत्तर बाहेर राहिलं.

कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानंच वापरणाऱ्या एकेकाला कळवलं, की माझी लायब्ररी सध्या वापरू नका.

मग सात महिने नवी पद्धत शोधली. आकडा कायम वरच ओढायचा, म्हणजे दिशा बदलायची सूचनाच नको. खालचा हवा असेल तर चिन्ह उलटं करून वर ओढायचा, मग परत उलटं. हे कधीच चुकत नाही, याची सिद्धता त्यानं चार पानांत लिहून मला मेलनं पाठवली आणि फोन केला.

"इथं दाखवावं असं कुणी न्हाय रे. तू एकदा बघ."

मी म्हणालो, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, वीकेंडला बघतो.

असे नऊ-दहा वीकेंड गेले. त्यानं परत विचारलं नाही.

मग हार्ट अटॅक. एकोणचाळिसाव्या वर्षी.

पुण्यानुमोदनाच्या विधीला लोहाऱ्याला गेलो. आईंनी जवळ बसवून विचारलं, दिवसभर कॉम्प्युटरवर काय करायचा तो? मी म्हणालो, उत्तर चुकू नये म्हणून धडपडत होता.

"मग आलं का बरोबर?"

मला माहीत नव्हतं.

उठलो, स्टँडवर जाऊन बसलो आणि मेल उघडला. पुण्याची एसटी समोरून गेली. वहीत एकेक ओळ करून पाहिली. कुठंही चूक नव्हती.

परत घरी गेलो. म्हणालो, आई, बरोबर आलंय.



"त्याला सांगाया पायजे हुतं, बाळा."

राजरत्न, तुला माझा अखेरचा जयभीम.