भाऊजींचा पंख आणि आत्याचं बटण

माझी आत्या एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायची. कंपनीत लागली तेव्हा तिला फायली लावायला बसवलं होतं. सहा महिन्यांत तिनं फायली सोडून पाना हातात घेतला, तो निवृत्तीपर्यंत. शहरातल्या निम्म्या लिफ्ट ती नुसत्या आवाजावरून ओळखायची. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी आधी लिफ्टची विचारपूस, मग यजमानांची.

निवृत्त झाल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले. मिक्सर झाला, पंखे झाले, शेजाऱ्यांची कुलपं झाली. मग तिनं धडधाकट चालणाऱ्या वस्तूही दुरुस्त करायला घेतल्या. "हिच्यासमोर फार वेळ गप्प उभं राहू नकोस," आतोबा मला म्हणाले होते, "उघडून बघेल." नोकरीच्या निमित्तानं मी ते वर्षभर त्यांच्याकडेच राहत होते, म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

आत्याचा धाकटा दीर दातांचा डॉक्टर. आत्या त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आम्हीही भाऊजीच म्हणायचो. त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. आणि दवाखान्यासमोर उभी असायची त्यांची लाडकी गाडी: पिवळीधमक, जुनी, दोनच माणसांची. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायची तयारी हवी. तिच्या मागच्या काचेखाली एक फळी होती. वेग नव्वदच्या वर गेला की फळी आपोआप वर यायची, म्हणजे गाडी रस्त्याला घट्ट धरून राहते म्हणे. वेग उतरला की खाली बसायची. उभ्या गाडीत गिअरजवळचं बटण दाबूनही ती वर-खाली करता यायची. भाऊजी तिला पंख म्हणायचे. आम्ही फळी म्हणायचो, आणि ते त्यांना फार लागायचं.

एके दिवशी फळी डावीकडून वर आली आणि उजवीकडून आलीच नाही. एक भुवई उंचावून उलटतपासणी घेतल्यासारखी गाडी सगळ्यांकडे बघायला लागली. वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, फळीचा अख्खा सांगाडा बदलावा लागेल, मागवला तर चार महिन्यांनी येईल. आणि दहा दिवसांवर तर स्पोर्ट्स कारवाल्यांचा मेळावा! भाऊजींनी दोन दिवस इंटरनेटवर अकरा व्हिडिओ बघितले आणि तिसऱ्या दिवशी आमची बेल वाजवली.

"वहिनी, जरा बघता का?"

"मी लिफ्टवाली बाई, मला गाडीतलं काय कळतंय?" असं म्हणता म्हणता आत्यानं चपला घातल्यासुद्धा होत्या.

खाली जाऊन तिनं मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात बराच वेळ आत बघितलं. "वर जातं, खाली येतं. लिफ्टच आहे की. फक्त आत माणसं नाहीत, म्हणजे तक्रारीही नाहीत."

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. भाऊजी तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घालून आले. आत्यानं आत हात घातला, तेवढ्यात भाऊजींना राहवलं नाही. "थांबा, मी जरा बटण दाबून बघतो," म्हणाले आणि दाबलंही. मोटार घरघरली. आत्यानं हात कसा काढला तिलाच ठाऊक. पुढे गेली, फ्यूज उपसला, पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"भाऊजी, तुमचं पोट तुमच्या बोटांवर आहे ना? मग दुसऱ्याच्या बोटांची पण चाड ठेवा."

त्यानंतर भाऊजी फक्त बॅटरी धरून उभे राहिले.

आतली रचना तशी सरळ होती. मधोमध मोटार. तिच्या दोन्ही बाजूंनी एकेक लवचीक केबल निघालेली, जुन्या स्कूटरच्या स्पीडोमीटरला असायची तशी. मोटार फिरली की केबलच्या आतली तार फिरते, आणि तारेमुळे त्या त्या बाजूचा पाय, म्हणजे फळीखालचा दांडा, फळीला वर उचलतो. आत्यानं दोन्ही केबली ओढून काढल्या. जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालं होतं. उजव्या तारेचं चौकोनी टोक झिजून पार गोल झालं होतं. तार फिरायची, पण पायाला पकडायचीच नाही.

"तार चांगली आहे, टोक गेलंय," आत्या म्हणाली. "वरचं आवरण नखाएवढं कापलं, की आतली न झिजलेली तार पुढे येईल आणि पायाच्या खाचेत खोल बसेल. पण कापताना तारेला धक्का लागता कामा नये."

भाऊजींचा चेहरा उजळला. ते दवाखान्यात पळाले आणि दात कोरायचं ड्रिल चालू करून बसले. केबल खुर्चीच्या दिव्याखाली धरली. "जरा दुखेल हं," ते सवयीनं केबलला म्हणाले, आणि बारा सेकंदांत आवरणाचा तुकडा असा सुबक उडवला, की आत्यासुद्धा "वा!" म्हणाली.

बाकीचं सगळं तिनं केलं. ग्रीस खरवडलं, नवं भरलं. दोन्ही पाय हातानं फिरवत तळाला आणले, पट्टीनं मोजून सारखे केले, मग केबली जोडल्या आणि पर्समधला फ्यूज परत बसवला. फळी वर येताना मागून बघायची होती आणि बटण तर पुढे, गिअरजवळ. म्हणून तिनं जुन्या फाटकाच्या रिमोटचा डबा तारांना जोडला आणि रिमोट हातात घेतला. मागे उभं राहून दाबला. फळी दोन्हीकडून सारखी, अल्लद वर आली. पुन्हा दाबला, खाली बसली. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी आत्या रिमोट काढायला खाली निघाली होती. जिन्याच्या खिडकीतून भाऊजींचा आवाज आला. शेजाऱ्यांना सांगत होते, "मीच केला हो. केबलचं ऑपरेशनच म्हणा ना! वहिनी होत्या मदतीला, पाने-बिने द्यायला."

आत्या जिन्यातच थांबली. "पाने-बिने," ती हळूच म्हणाली, आणि परत वर येऊन चहा टाकला.

"काढला रिमोट?" मी विचारलं.

"विसरले बाई."

रविवारी मेळाव्याला ती भाऊजींच्या शेजारी बसून गेली. मी आणि आतोबा मागून बसनं. स्टेडियमच्या वाहनतळावर चौदा गाड्या चकचकीत पुसून उभ्या होत्या. मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वैमानिक, काटकोनात उभे राहणारे. त्यांनी भाऊजींच्या गाडीपाशी सगळ्यांना जमवलं. आत्या थोडी लांब, घडीच्या खुर्चीवर बसली होती. पर्स मांडीवर, हात पर्समध्ये.

"वर्कशॉपनं हात टेकले," भाऊजींनी सुरुवात केली. "तेव्हा मी ठरवलं..."

फळी वर आली. भाऊजी दचकले.

"हं, तर उभ्या गाडीत हा पंख खालीच असतो," ते घाईनं म्हणाले. फळी खाली बसली. "तर मी आतली केबल..."

फळी वर आली. लोक हसायला लागले. भाऊजींनी खिडकीतून आत वाकून बघितलं. बटणापाशी कुणी नव्हतं.

वैमानिक बारकाईनं बघत होते. "डॉक्टर, तुम्ही 'मी' म्हणालात की ही उठते. परत म्हणा बरं."

"काहीतरीच! मी..."

फळी खाली बसली होती, ती परत उठली. आता चौदाही गाड्यांचे मालक टाळ्या पिटत होते. भाऊजींनी घाम पुसत सगळीकडे नजर फिरवली आणि ती आत्यावर येऊन थांबली. आत्या आकाशात ढग मोजत होती. आकाशात एकही ढग नव्हता.

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. वाटलं, आता भडकणार. पण ते हसायलाच लागले, गाडीला टेकून, पोट धरून. "वहिनींनी केलंय सगळं," ते म्हणाले. "यात माझं ड्रिल फक्त अकरा सेकंद चाललं."

फळी गुपचूप खाली बसली.

"बारा," आत्या खुर्चीतून म्हणाली. "आणि ते बारा सेकंद माझ्यानं झाले नसते."

मग तिला कुणी बसू देईना. वैमानिकांच्या गाडीची काच अर्ध्यावर अडकत होती. एकाचं छप्पर बंद व्हायला नखरे करत होतं. दुपारभर आत्याचं डोकं कुणाच्या ना कुणाच्या झाकणाखाली, आणि शेजारी बॅटरी धरून भाऊजी. "इकडे नाही, तिकडे. हातच थरथरतोय तुमचा. दात कसे काढता हो तुम्ही?" असं ती त्यांना सगळ्यांसमोर झापत होती, आणि ते ऐकून घेत होते.

निघताना तिनं हात पुढे केला. "भाऊजी, किल्ली."

"वहिनी, ही गाडी जरा वेगळी आहे..."

"कळलंय मला. उघडून बघितलीय मी."

आम्ही बसनं घरी पोचलो, जेवलो, भांडीही आवरली, तरी या दोघांचा पत्ता नाही. दीड तासानं पिवळी गाडी आली. आधी भाऊजी कसेबसे बाहेर पडले, केस विस्कटलेले. मोठ्या रस्त्याला लागताच वहिनींनी नव्वद ओलांडले, पंख वर आला, आणि घराचं वळण आलं तशा सरळ पुढे निघून गेल्या, असं त्यांनी सांगितलं. एकदा नव्हे, दोनदा गेल्या म्हणे.

"वळण दिसलं नाही?" आतोबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं.

"दिसलं ना," आत्या म्हणाली, आणि जेवायला काय आहे ते बघायला आत गेली.