उंद्रीच्या मंडपातला करंट

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा चिखलीत आम्ही चौघांनी गाण्याची पार्टी काढली. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, आपलीच रचायची, असा आमचा हट्ट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा माझा दोस्त गिटार वाजवायचा. हेडफोनमधलं चुंबक त्यानं तारांखाली बसवलं होतं आणि आवाज एका जुन्या रेडिओतून काढायचा. लग्नाच्या बँडमधला एक जण ड्रम वाजवायचा, एका मास्तरांचा मुलगा पेटी, आणि मी गायचो. रेकॉर्डची कंपनी म्हणजे काय, ते आम्ही फक्त ऐकून होतो. बोलावणं आलं की एसटीच्या टपावर सामान चढवायचं आणि निघायचं.

गणपतीत उंद्रीहून बोलावणं आलं. सकाळी पाऊस होऊन गेला होता. दुपारी मंडपात शिरलो तर पायाखाली नुसता चिखल, आणि त्यावर ओल्या फळ्यांचं स्टेज. भोंगेवाल्यानं लोखंडी दांडीवर माइक लावून दिला. सुरुवातीला लोक ‘पिक्चरचं म्हणा’ म्हणून ओरडत होते, मग हळूहळू गप्प झाले.

तिसऱ्या गाण्यात दोस्ताला माझ्या मागोमाग एक ओळ म्हणायची होती. तो गिटार घेऊन वाकला आणि त्याचे ओठ माइकला लागले.

तो ओरडला नाही. नुसता ताठ झाला. मान थरथरत होती, बोटं तारांवर आवळलेली. लोकांना वाटलं, रंगात आलाय, टाळ्या पडल्या. मला मात्र त्याचे डोळे दिसत होते. पेटीवाला किंचाळला, “अबे, करंट लागला त्याले!”

मी हातभर अंतरावर होतो. ओढायला गेलो तर मीही चिकटेन, एवढंच डोक्यात आलं, आणि पाय फळीत रुतल्यासारखे झाले. ड्रमवाल्यानं उडी मारून हातातल्या लाकडी काडीनं माइकची दांडी आडवी पाडली. तेव्हा दोस्त सुटला आणि स्टेजवरून चिखलात कोसळला. गावच्या डॉक्टरांनी तपासलं. तीन बोटांवर काळे वळ, ओठ भाजलेला, बाकी जीव शाबूत.

पंधरा दिवसांनी अमडापूरचा कार्यक्रम ठरला. मी त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं, “मी नाही येत.”

“काऊन बे? करंट मले लागला, भेव तुले?”

“माइक पाहिला की हातपाय गार पडून राह्यले माझे.” मग मी म्हणालो, “त्या दिवशी मी जागचा हललो नाही रे.”

तो रेडिओचे स्क्रू काढत होता. मान वर न करता म्हणाला, “माहीत हाय मले. बोलता येत नव्हतं, पण दिसून राह्यलं होतं सारं. तुह्याकडेच पाहत होतो.”

मला दुकानाबाहेर पळून जावंसं वाटलं. तो म्हणाला, “त्या रेडिओच्या डब्यातच करंट उतरत होता. चूक माही. आता आवाजाची दुसरी मशीन बनवली. तू ये.”

अमडापूरला त्यानं अर्थिंगसाठी जमिनीत सळई ठोकली, मिठाचं पाणी ओतलं, तार जोडली. मग टेस्टर लावून पाहिला आणि शेवटी एका हातात गिटार धरून दुसऱ्या हाताची मागची बाजू माइकला टेकवली. “पाह्य, काहीच नाही,” तो म्हणाला. तरी मी माइकला रुमाल गुंडाळला आणि वीतभर लांबून गायलो. पहिल्या ओळीपासून आवाज कापत होता. पुढं बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, “काय गळा हाय! कसा हलवते पाह्य आवाज!” कार्यक्रम संपल्यावर तेच पहिलं गाणं लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

तसे आम्ही आणखी दोन वर्षं गावोगाव फिरलो, अगदी संग्रामपूरपर्यंत. मग दोस्ताला नागपूरला नोकरी लागली आणि पार्टी आपोआप मोडली. त्या दोन वर्षांत लोकांकडे पाहून मी एकही गाणं म्हटलं नाही. माझी नजर त्याच्या बोटांवर असायची. ती हलताहेत ना, एवढंच बघत मी गात राहायचो.