अण्णांच्या रिव्हॉल्वरचा स्क्रू

प्रिय रुथ आणि नील,

परवा तुमच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस त्यांना वाचायला बंदी आहे. म्हणून हे पत्र मी याच आठवड्यात लिहिते आहे.

मागे व्हिडिओ कॉलवर नीलने विचारलं, "आजी, रिव्हॉल्वरच्या मुठीवर तो पिवळा ठिपका कसला?" तेव्हा मी रेंज गेल्याचं नाटक केलं. रेंज उत्तम होती.

तो ठिपका म्हणजे एक पितळी स्क्रू. रिव्हॉल्वर तुमच्या पणजोबांचं, म्हणजे अण्णांचं. ते कालव्यावर इन्स्पेक्टर होते. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाने ते त्यांना दिलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यातून एकही गोळी सुटलेली नाही. त्याचं काम एवढंच, की निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि निकाल लागला की घरी यायचं. (इतक्या वेळा ठाण्यात जाऊन आलेलं आमच्या घराण्यात दुसरं कोणी नाही!)

मागच्या निवडणुकीनंतर ते असंच घरी आलं. आजोबा पुसायला बसले, तर मुठीची लाकडी पट्टी सुटून त्यांच्या हातात आली. स्क्रू गायब! आणि पंधरा दिवसांवर परवान्याच्या नूतनीकरणाची तपासणी.

"अगं, साहेब 'अपूर्ण' असा शेरा मारतील," आजोबा म्हणाले. "परवाना जायचा. अण्णांची एवढी एकच वस्तू राहिली आहे, ती माझ्या हातून जाणार."

त्या संध्याकाळी त्यांनी चहाबरोबर खारी खाल्ली नाही. लग्नानंतर असं दुसऱ्यांदाच घडत होतं. (पहिल्यांदा दाढ काढली होती.)

मी तडक ठाणं गाठलं. हवालदार म्हस्के माझाच विद्यार्थी. मी मुख्याध्यापिका होते तेव्हा मागच्या बाकावर बसायचा. मला पाहून तो खाडकन उभा राहिला.

"म्हस्के, आमचा स्क्रू तुझ्याकडे हरवला आहे."

"बाई, आमी पिशवीचं सील बी उघडलं न्हाई."

"मग स्क्रू चालत गेला का?"

"न्हाई बाई."

"तर मग शोध. नाही मिळाला तर तसं लेखी दे."

बिचारा टॉर्च घेऊन कपाटांखाली पालथा पडला. मी मात्र समाधानाने घरी आले.

तोवर दुसरा स्क्रू मिळवणं भाग होतं. रिव्हॉल्वर घेऊन गावोगाव हिंडता येत नाही, म्हणून मुठीच्या दोन्ही पट्ट्या रुमालात बांधून आम्ही श्रीरामपूरहून नगरच्या एसटीत बसलो. शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "कशाच्या हो ह्या मुठी? सुरीच्या का?"

आजोबा सत्यवचनी. म्हणाले, "रिव्हॉल्वरच्या."

राहुरीपासून पुढे तिघांचा बाक आम्हा दोघांनाच मिळाला.

नगरच्या बंदुकीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी बरणीभर स्क्रू लावून पाहिले. प्रत्येक स्क्रू दोन वेढे उत्साहाने आत जायचा आणि रुतून बसायचा. "बाई, हे आटे विलायती," ते म्हणाले. "असा स्क्रू आता त्या साहेबाच्या गावातही मिळायचा नाही. केडगावला एक लेथवाला आहे, त्याच्याकडे बघा."

लेथवाल्याने पट्टी उलटसुलट केली. "आजी, जुना स्क्रू आना, डिट्टो करून देतो."

"अरे, जुना असता तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

"व्हय, ते बी खरंच हाय."

त्याचा पहिला स्क्रू जाड झाला, दुसरा आखूड. तिसरा त्याने नळाच्या मोडक्या चावीच्या पितळेतून घडवला आणि तो बसला! फक्त त्या काळ्या मुठीवर तो नव्या नवरीच्या नथीसारखा चमकत होता. तपासणीच्या साहेबांनी विचारलंच, "सोन्याचा बसवला का?" आणि हसत 'पूर्ण' असं लिहिलं. त्या संध्याकाळी आजोबांनी चार खाऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी म्हस्के घरी आला. त्याच्या हातात कागद होता: 'कसून शोध घेतला. स्क्रू मिळून आला नाही. दिलगीर आहे.' शुद्धलेखनाच्या दोन चुका मी लाल पेनाने दुरुस्त केल्या, त्याला मोठ्या मनाने माफ केलं आणि चहा दिला. एवढा महत्त्वाचा कागद गहाळ व्हायला नको, म्हणून तो गेल्यावर मी कपाटातून माझा पत्र्याचा डबा काढला. त्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे: 'हरवू नयेत अशा वस्तू'.

(तो डबा आधी का नाही पाहिला, असं तुम्ही विचाराल. स्क्रू हरवला होता. त्या डब्यात हरवलेल्या वस्तू नसतात!)

झाकण उघडलं, तर वरच कागदाची पुडी. त्यावर लिहिलेलं: 'अण्णांच्या रिव्हॉल्वरचा स्क्रू. सैल आहे. पोलीस हरवतील म्हणून जमा करण्यापूर्वी काढून ठेवला.' खाली तारीख आणि सही. अक्षर सुरेख.

आजोबांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते तासाभरात ठाण्यात पोचले असते. म्हस्के मात्र अजून रस्त्यात भेटला की थांबतो.

"बाई, सापडला का हो त्यो स्क्रू?"

"जाऊ दे रे आता."

"तुमचं मन लई मोठं हाय, बाई."

तर रिव्हॉल्वर कपाटात आहे, पितळी स्क्रूसकट. मूळ स्क्रू डब्यात आहे. म्हस्केचं दिलगिरीचं पत्रही त्याच डब्यात आहे. माझं अजून लिहायचं आहे.