उडी जिरवणारा नत्थू

जरीपटक्याच्या बाजारात शॉकर दुरुस्त करणारा नत्थू मेश्राम म्हणजे उडीचा जन्माचा वैरी. खड्ड्यात गेलेली गाडी उसळते. ती उसळी शॉकरमध्ये तेल भरून जिरवायची, हेच काम त्यानं तीस वर्षं केलं. "माझ्या हातची गाडी पोटातलं पाणी हलू देत नाही," असं तो सांगे, आणि ते खोटं नव्हतं. अशा माणसावर एकदा उडी बनवायची पाळी आली, तीही चार वाजायच्या आत.

झालं असं, की शाळेच्या क्रीडा संमेलनात चार वाजता त्याची लेक सोनिका पोगो स्टिकवर न थांबता शंभर उड्या मारून दाखवणार होती. पोगो स्टिक म्हणजे पाय ठेवायला दोन दांड्या असलेली उभी नळी, आत स्प्रिंग. चढायचं आणि टणाटण उसळत राहायचं. शाळेत ती एकच. सरावासाठी घरी आणलेली. आदल्या संध्याकाळी नत्थूला राहवलं नाही. "पाहू तर खरं," म्हणत ब्याण्णव किलोचा बाप अडतीस किलोच्या पोरीच्या काठीवर चढला. दोन उड्या अशा झकास बसल्या की गडी लेकरासारखा खिदळला. तिसरीला आत कडाड झालं.

सोनिका रडली नाही. तिनं बोलणंच सोडलं.

"पोरगी तुमच्याकडं पाहूनबी नाही राहिली," सकाळी चहा ठेवताना बायको प्रेमिला म्हणाली. "काहून चढले होते तुमी?"



अकरा वाजता नत्थूनं ऑटोरिक्षाची स्प्रिंग कापून बसवली. सोनिका चढली. स्प्रिंग दबलीच नाही; पोरगी दगडावर उभी राहावी तशी उभी राहिली आणि मुकाट उतरली. मग सायकलच्या सीटखालची बसवली. ती पहिल्याच उडीला तळाला टेकली. ठक्क. पोरीचे दात वाजले.

शेजारचा पंक्चरवाला धर्मेंद्र म्हणाला, "नत्थूभाऊ, आता तूच घे ना गा तिले खांद्यावर, अन् मार शंभर उड्या."

नत्थूला हसू आलं नाही. तो पुन्हा भंगाराची पेटी उपसू लागला.

दोन वाजता जुन्या मोपेडची स्प्रिंग सापडली. दाबून पाहिली, सोनिकाच्या वजनाला अगदी बेताची. त्यानं नळी पुसली, सगळं जुळवलं, झाकण आवळलं. सोनिका चढली. काठी छान दबली, पण वर आली ती बाजेवरून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, कण्हत कण्हत. जमीन काही सुटेना. पोरगी दात-ओठ खाऊन पन्नासदा दाबत राहिली. पावणेतीन वाजले. नत्थू मटकन ओट्यावर बसला. स्प्रिंग बरोबर, वजन बरोबर, मग उडी जाते कुठं? आता शाळेत जाऊन बाईंपुढं हात जोडायचे, एवढंच उरलं.

काठी ठेवायला सोनिकानं नळी धरली आणि थबकली. जानेवारीचे दिवस, सावलीतलं लोखंड.

"बाबा, हे गरम होऊन राहिलं."

कालपासूनचा पहिला शब्द. नत्थूच्या कानात आधी नुसतं 'बाबा' शिरलं. बाकीचं मागून आलं. गरम? लांबून आलेल्या गाडीचा शॉकर गरम लागतो, कारण उसळी तेलात जिरते आणि तिची ऊब होते. पण इथं तेल कुठलं?

त्यानं तेलाचा डबा उचलला. सकाळी भरलेला, आता हलका. झाकण आवळण्याआधी हातानं सवयीनं तेल ओतलं होतं, डोक्याला न विचारता.

"तुई उडी म्याच पाजली वं तेलाले," तो म्हणाला.

काठी उलटी केली. तेल निथळलं. दांड्याला नुसतं बोटभर ग्रीस लावलं आणि झाकण पुन्हा आवळलं. सव्वातीन.

टण. दुसऱ्या उडीला सोनिकाच्या वेण्या हवेत गेल्या. स्प्रिंग घेतलेलं जवळजवळ सगळं परत देत होती. जे थोडं कमी पडे ते पोरगी गुडघ्यांनी भरून काढत होती. धर्मेंद्र पाना हातात धरून मोजू लागला. चाळीस झाल्या तरी ती उतरेना. नत्थूचे पाय आपोआप पुढं सरकले.

"बाबा," उसळता उसळताच ती म्हणाली, "तुमी दूरच राहा."

नत्थूनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि एक्केचाळीसपासून मोजायला लागला.